कोळीवाड्याचे तोंड कोणी मिटवले?

रात्रीचे तीन वाजलेले असतात. अवघी मुंबई पंख्याखाली निजलेली असताना भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकवर बर्फाच्या चिखलात पाय रोवून कोळीण उभी असते. डोक्यावर पाटी, कमरेला पैशांची पिशवी, कासोटा घट्ट मारलेला आणि आवाज असा खणखणीत, की लाटांच्या आणि इंजिनांच्या गलक्यातूनही तिची बोली समोरच्याच्या कानी पडावी. ज्या तोंडाने ती लिलावात भाव चढवते आणि पाडते, बाजारात गिऱ्हाइकाला थांबवते, उधारी वसूल करते, सुनेला चार गोष्टी सुनावते, नातवाला गोंजारते आणि वर्षातून एकदा कार्ल्याच्या डोंगरावर चढून एकविरा आईला साकडे घालते, ते तोंड हीच तिची तागडी, तेच तिचे दुकान आणि तेच तिचे एकमेव भांडवल.

ते तोंड आज आतून कुजते आहे.

झाईपासून रेडीपर्यंतचा, शासनाच्या दप्तरात वर्षानुवर्षे ७२० किलोमीटर म्हणून नोंदलेला हा किनारा कोठूनही चालू लागा. सातपाटी घ्या, अर्नाळा घ्या, वर्सोवा घ्या, हर्णै घ्या, मिरकरवाडा वा मालवण घ्या. सोनकोळी, मांगेला, वैती, खारवी, गाबीत, दालदी, कोणाच्याही दारात जा आणि पन्नाशी गाठलेल्या माणसाला एकदा हसायला सांगा. तो हात तोंडावर धरील. त्या हाताआड काय दडले आहे ते आमच्या राज्यकर्त्यांनी कधी पाहिले नाही आणि आमच्या प्रतिष्ठित समाजाने पाहून न पाहिल्यासारखे केले. काळवंडलेले, मुळापाशी झिजलेले दात. दातांना सोडून खाली सरकलेल्या, बोट लागताच रक्ताळणाऱ्या हिरड्या. गालाच्या आत पांढरे चट्टे. आणि कितीएक अभागी जीवांच्या बाबतीत जिभेच्या कडेला किंवा गालाच्या खोबणीत महिनोन्‌महिने न भरणारी ती एक जखम, जिला घरातले उष्णता म्हणतात आणि जिला परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुसरेच नाव मिळालेले असते.

या नावाची व्याप्ती किती आहे हे ज्यांना अजून ठाऊक नसेल त्यांनी ऐकावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि मुखपोकळीच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळपास ८० हजार माणसे त्याने मेली. भारतीय पुरुषाला होणाऱ्या सर्व कर्करोगांत हा पहिल्या क्रमांकावर आहे. तंबाखू, मशेरी, सुपारी यांच्याविषयी शास्त्राला आता शंका उरलेली नाही. याच संस्थेने सुपारी आणि धूरविरहित तंबाखू या दोहोंना मानवी कर्करोगाची सिद्ध कारणे म्हणून केव्हाच नोंदवले आहे. शत्रू ओळखलेला आहे. त्याचा पत्ता ठाऊक आहे. त्याची पुडी बंदराच्या टपरीवर दोरीला लोंबते आहे.

आता त्या टपरीवर रोज उभा राहणारा हा खलाशी कोण, कसा जगतो, हे समजून घेतल्यावाचून त्याला व्यसनी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी थोडे थांबावे. ट्रॉलर एकदा बंदराबाहेर पडला की आठ-आठ, दहा-दहा दिवस परतत नाही. काही तासांनी एकदा जाळे टाकायचे, काही तासांनी ओढायचे, मासळी निवडायची, बर्फात भरायची आणि पुन्हा जाळे टाकायचे, मग दिवस असो की मध्यरात्र. झोप मिळते ती तुकड्यातुकड्यांनी, आणि तीही डिझेलच्या वासात. गोडे पाणी पिंपात मोजके. ते आधी पिण्याला, मग भाताला, मग चहाला. दात घासण्याची पाळी सर्वांत शेवटी येते आणि पुष्कळदा येतच नाही. भुकेला गोड चहा आणि बिस्कीट, थकव्याला तंबाखूचा बार, जागरणाला पुन्हा तंबाखूचा बार. भर समुद्रात दाढ ठणकू लागली तर वैद्य नाही, औषधाचे दुकान नाही, मागे फिरावे तर डिझेलचा खर्च तांडेलाच्या डोक्यावर बसतो. म्हणून त्याच ठणकणाऱ्या दाढेखाली तंबाखूची आणखी एक चिमूट दाबली जाते आणि ज्या विषाने रोग जोपासला तेच विष औषध म्हणून वापरले जाते. वर तापलेले आभाळ, खाली उन्ह परतवणारे पाणी, आणि या दोहोंमध्ये वर्षानुवर्षे भाजून निघणारा खालचा ओठ. उन्हात राबणाऱ्यांच्या या ओठावर खपल्या धरतात, भेगा पडतात आणि त्यांतूनही कर्करोग उद्भवू शकतो, हे वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, मात्र कोणत्याही बंदराच्या फलकावर नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत तर पुष्कळ खलाशी नेपाळातून वा परप्रांतांतून आलेले असतात. त्यांना ना इथले रेशनकार्ड, ना इथले नातेवाईक, ना इथली भाषा. त्यांच्या तोंडात कोण डोकावणार? ज्याची हजेरी मासळीच्या वजनात मोजली जाते, त्याच्या वेदनेला या राज्यात वजन नाही.

आणि घरात राहिलेली ती? तिची कहाणी तर याहून दारुण आहे, कारण तिच्या विषाला आम्ही रूढीचे सोवळे नेसवले आहे. तव्यावर तंबाखू काळी पडेतो भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि पहाटे उठल्याबरोबर तर्जनीने हिरड्यांवर घासत बसायची, ही मशेरी. सासूने सुनेला दिली, आईने लेकीला दिली. कोणी सांगितले दात घट्ट होतात, कोणी सांगितले पोट साफ होते, कोणी सांगितले भूक मरते. शेवटची गोष्ट मात्र खरी आहे, आणि तीत आमच्या समाजव्यवस्थेचे सारे पाप साठलेले आहे; कारण जी बाई रात्री दोनला उठून धक्का गाठते, पहाटे माल उचलते, टेम्पोत वा लोकलच्या डब्यात टोपल्या रेटून बाजार गाठते, दुपार कलेपर्यंत ओट्यावर बसते, आणि बाजारात स्वच्छतागृह नाही म्हणून पाण्याचा घोटही जपून घेते, तिला भूक मारावीच लागते. एकदा घासून भागत नाही. डोके दुखते म्हणून दुपारी, कंटाळा आला म्हणून संध्याकाळी, झोप येत नाही म्हणून रात्री. दात घासण्याच्या नावाने सुरू झालेली ही सवय दात पाडूनच थांबते. गरोदरपणातही ती सुटत नाही. मुंबईतल्या १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली; आणि त्या तंबाखूत मुख्य वाटा मशेरीचाच होता. म्हणजे डबीतले हे काळे चूर्ण आईच्या हिरडीवरून उतरून जन्माला न आलेल्या जीवाच्या अंगावरचे मांस ओरबाडते.

ही रूढी आहे, तिला हात लावू नका, असे सांगणारे शहाणे आम्हांला भेटतात. त्यांना आमचा प्रश्न आहे: बालविवाह ही रूढी नव्हती काय? केशवपन ही रूढी नव्हती काय? ज्या महाराष्ट्राने त्या रूढींच्या पाठीत सोटा घातला, त्याच महाराष्ट्राने मशेरीच्या डबीपुढे हात जोडून उभे राहावे काय? जी रूढी बाईचे तोंड सडवते ती संस्कृती नव्हे.

वाचकहो, दातांचे दुखणे हे क्षुल्लक दुखणे, अशी एक सुखवस्तू समजूत आपल्या घराघरांत बसलेली आहे, आणि तीच या सर्व अनास्थेची जननी आहे. मुखारोग्य माणसाचे जिणे किती उजळवते वा किती काळवंडवते हे मोजण्यासाठी जगभरचे दंतवैद्य चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. ती १९९७ साली मांडली गेली. ते प्रश्न साधे आहेत. तोंडाच्या त्रासामुळे शब्द उच्चारताना अडते का? चव कमी झाली आहे का? दुखते का? खाताना नकोसे होते का? मनावर ताण राहतो का? जेवण अर्धवट सोडावे लागते का? चारचौघांत लाज वाटते का? माणसांवर चिडचिड होते का? नेहमीचे काम करणे जड जाते का? हे प्रश्न एखाद्या कार्यालयातल्या वातानुकूलित खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारणे वेगळे आणि कोळीवाड्यात विचारणे वेगळे. जिच्या धंद्याचा प्राण आवाज आहे तिला शब्द उच्चारताना अडले, तर तिची बोली दुसरी कोणी मारून नेते. ज्याला पहाटे चारला जाळ्याचा दोर ओढायचा आहे त्याची दाढ रात्रभर ठणकली, तर त्याचा हात निसटतो; आणि समुद्रात हात निसटणे म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या विधवांना विचारा. जिचे पुढचे चार दात गेले ती पस्तिशीतच म्हातारी ठरते, लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसते, फोटो काढताना ओठ मिटून घेते आणि हळूहळू हसणेच विसरते.

सर्वांत क्रूर गोष्ट जेवणाच्या ताटावर घडते. सुपारी, मावा आणि त्या रंगीत पुड्या चघळणाऱ्याच्या गालाच्या अस्तराखाली हळूहळू कठीण तंतू साचत जातात. गाल ताठरतो, जीभ आखडते, तोंडाची आग होते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे जातात. याच्या तोंडात आधी दोन जातात, मग एक, मग चमचाही आडवाच न्यावा लागतो. आयुष्यभर जाळे विणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गालातच एक जाळे विणले जाते, आणि ते कोणत्याही सुरीने पुरते उसवता येत नाही. तिखट सोसत नाही, काटा निवडता येत नाही, चावता येत नाही. बांगड्याचे कालवण, सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाची भाकरी, ज्या अन्नावर हा समाज शेकडो वर्षे पोसला, ते अन्न समोर वाफाळत असताना हा माणूस पेजेत भात कुस्करून गिळतो. आपल्या ताटातला पापलेट आणि सुरमई ज्याने वादळात जीव घालून आणली, त्याला त्याच मासळीचा एक घास चावता येत नाही.

आणि याचा हिशेब कोणी ठेवला? कोणीच नाही. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेने महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे मोजली, ८१,४९२ कुटुंबे मोजली, ३,८६,२५९ माणसे मोजली. होड्या मोजल्या, जाळी मोजली. दरवर्षी किती टन मासळी उतरली याचे आकडे निघतात, परदेशी किती कोळंबी गेली याचे आकडे निघतात, त्यांवर मंत्र्यांची भाषणे होतात. हे सारे ज्यांच्या हातांनी घडते त्यांच्या तोंडात किती दात उरले, किती गालांत चट्टे आहेत, किती तोंडे उघडेनाशी झाली, हा रकाना कोणत्याही कागदावर नाही. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी पैसा मंजूर होत नाही, पद निर्माण होत नाही, औषध येत नाही. मासे आणि माथी मोजणाऱ्या शासनाला माणसांच्या वेदना मोजता आल्या नाहीत, हा आमचा पहिला आरोप आहे.

दुसरा आरोप त्याहून गंभीर आहे. उपाय कागदावर असूनही तो या माणसांपर्यंत पोहोचू दिला गेला नाही. राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून अस्तित्वात आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासावे, असे केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०१६ पासून लिहिलेले आहे. लिहिलेले आहे! पण तपासणीचे शिबिर भरते सकाळी अकरा वाजता; तेव्हा खलाशी समुद्रात असतो आणि कोळीण बाजारात. दुपारी तीनला तंबू उतरतो. ती घरी पोहोचते चारला. किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतोच. तो गाठायचा तर तालुक्याचे वा जिल्ह्याचे रुग्णालय गाठावे लागते, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि तेवढे करूनही बहुतेकदा पदरी पडते ते दात उपटणे. मुंबई शहरात सरकारी आणि महापालिकेचे अशी दोन नामांकित दंत महाविद्यालये आहेत. मुंबई सोडून दक्षिणेला निघालात की रेडीच्या वाळूपर्यंत सरकारी दंत महाविद्यालयाची पाटी दिसत नाही. म्हणून देवगडचा आणि वेंगुर्ल्याचा माणूस शेकडो किलोमीटर तुडवून परळला येतो आणि टाटाच्या भोवतालच्या पदपथावर चूल मांडतो. आणि दूरचे सोडा. ज्या शिवडीच्या कोळीवाड्यापासून ते रुग्णालय अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर आहे, १९४१ पासून आहे, तिथली बाई तरी वेळेवर पोहोचते काय? अंतर रस्त्याचे नव्हते. अंतर आमच्या आस्थेचे होते.

तिसरा आरोप दांभिकपणाचा, आणि तो सांगताना आमची लेखणी जळते. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती बंदी उचलून धरली. दात घासण्याच्या वस्तूत तंबाखू नको, एवढे तत्त्व या देशाने तीस वर्षांपूर्वी मान्य केले. तरीही मशेरी खुलेआम विकली जाते, कारण पुडीवर मंजन हा शब्द छापलेला नसतो. शब्द पुसला आणि कायदा आंधळा झाला! २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. बंदीचा आदेश दरवर्षी नव्याने निघतो, आणि बंदराच्या टपरीवर त्याच पुड्या दरवर्षी नव्या नावाने लोंबतात. २००३ चा कायदा सांगतो की शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येणार नाही. कोळीवाड्याच्या गल्लीत शाळा, टपरी आणि धक्का या तिन्ही गोष्टी शंभर पावलांत बसतात, आणि ते अंतर मोजायला पोलीस ठाण्याला टेप सापडत नाही.

राज्याची तिजोरी पाहा. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसाठी २०,०५० कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला. त्यात बंदरे आहेत, शीतगृहे आहेत, नौका आहेत. अपघातात मच्छीमार मेला किंवा कायमचा अपंग झाला तर पाच लाखांचा विमा आहे. ते योग्यच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तेही योग्यच आहे. पण लाटेने एका घटकेत मारले तर सरकार दारात येते आणि पुडीने वीस वर्षे कुरतडून मारले तर सरकार दारासमोरून निघून जाते, हा कोणता न्याय? महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आहे; पण किडलेला दात वेळीच भरणे, हिरड्यांचा उपचार करणे, दात पडलेल्या म्हातारीला कवळी बसवणे, हे साधे उपचार गरीब कोळ्याने स्वतःच्या खिशातून करायचे. आम्ही जबडा कापायला पैसे देतो आणि जबडा वाचवायला देत नाही. याला आरोग्यधोरण म्हणता येत नाही. हा उशिराने केलेला अंत्यविधी आहे.

या दोषातून आम्ही समाजालाही मुक्त करणार नाही. ज्या समाजाच्या प्रत्येक शाळेतल्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य झाल्यावाचून पडदा पडत नाही, ज्याच्या वरातीत कोळीगीतावाचून पाय उचलत नाहीत, जो खाद्यमहोत्सवात कोळीवाड्याच्या अंगणात बसून तळलेल्या तुकडीवर तुकडी रिचवतो, नारळी पौर्णिमेला दर्याला सोन्याचा नारळ वाहतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर छापतो, आणि त्यांत आमचेही पान असते, त्या समाजाने या माणसांचा पोशाख घेतला, ठेका घेतला, चव घेतली. त्यांची वेदना तेवढी घेतली नाही. बाजारात तिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या किती सुशिक्षितांनी तिच्या बोलताना वाकड्या होणाऱ्या ओठाकडे पाहून एकदा तरी म्हटले, की मावशी, तोंड दाखवून ये डॉक्टरला? हे एक वाक्य फुकट होते. तेही आम्ही दिले नाही.

आणि आता कोळीवाड्याच्या कारभाऱ्यांना, पाटलांना, नाखव्यांना, मच्छीमार सोसायट्यांच्या अध्यक्षांना आम्ही समोरासमोर बोलतो. पर्ससीन नौकांविरुद्ध तुम्ही लढलात, बंदरांच्या आणि पुलांच्या प्रश्नांवर रस्त्यावर उतरलात, दर्यावरचा हक्क सोडला नाहीत; त्या लढ्यांत हे पत्र तुमच्या बाजूचे आहे. पण नौकेच्या किराण्यात तांदूळ-डाळीबरोबर तंबाखूच्या पुड्या चढत असतील तर त्या कोणाच्या सहीने चढतात? धक्क्यावरची टपरी कोणाच्या जागेत आहे, तिचे भाडे कोणाला पोहोचते? ज्या जमातीत गावकीने एकदा शब्द टाकला की दुसऱ्या दिवशी एकही होडी पाण्यात उतरत नाही, त्या जमातीला एक पुडी दोरीवरून उतरवता येऊ नये? दर्याचा शत्रू ओळखणाऱ्यांनी घरातला शत्रू पोसू नये.

कोणी म्हणेल, उपाय अवघड आहे, खर्चाचा आहे. हे असत्य आहे. केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरोघर गेले, माणसांना आ करायला सांगितले, उजेडात गाल, जीभ, हिरड्या पाहिल्या आणि संशयितांना पुढे पाठवले. २००५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे फलित प्रसिद्ध झाले: तंबाखू वा दारू वापरणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. लागले काय? एक विजेरी, दोन डोळे आणि माणसाच्या दारापर्यंत चालत जाण्याची इच्छा. आपल्या आशा कार्यकर्तीकडे यांतले सारे आहे किंवा देता येण्याजोगे आहे. नाही ती वरच्या खुर्चीतली इच्छा.

आणि काळही निसर्गाने नेमून दिलेला आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. नौका वाळूवर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, माणूस घरी असतो. नौकेची तपासणी त्या दिवसांत होते, इंजिन उघडले जाते, फळ्यांच्या भेगा बुजवल्या जातात. मग माणसाच्या तोंडाची तपासणी त्याच दिवसांत का होऊ नये? आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दर पावसाळी बंदीत प्रत्येक मच्छीमार गावात प्रत्येक प्रौढाचे तोंड तपासले जावे, आणि परप्रांतीय खलाशी त्यातून वगळला जाऊ नये. प्रत्येक मोठ्या बंदरावर दंतवैद्याची कायम खुर्ची असावी आणि तिची वेळ सरकारी घड्याळावर न ठरता लिलावाच्या घड्याळावर ठरावी. दात भरणे, हिरड्यांचे उपचार आणि कवळी यांचा जन आरोग्य योजनेत समावेश व्हावा. मशेरीला दंतमंजनावरील बंदीच्या कक्षेत आणावे. मशेरी सोडू पाहणाऱ्या बाईला उपदेश न देता समुपदेशन आणि औषध मिळावे, आणि प्रत्येक मासळी बाजारात तिच्यासाठी पाणी आणि स्वच्छतागृह असावे, कारण भूक मारण्याची सक्ती उठल्यावाचून व्यसन उठणार नाही. पुढच्या मत्स्यगणनेत होडीच्या रकान्याशेजारी माणसाच्या आरोग्याचा रकाना असावा.

यांतली एकही मागणी अशक्य नाही. एकही अवाजवी नाही. जे सरकार समुद्रात रस्ते बांधते त्याला समुद्रकाठी एक खुर्ची मांडता येत नाही, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते ससून डॉकवर येऊन, पहाटे तीन वाजता, त्या बाईच्या तोंडावर म्हणावे.

ती उत्तर देईलच असे नाही. तिचे तोंड आता पुरते उघडत नाही. ते मिटवण्यात टपरीवाल्याचा हात होता, रूढीचा होता, कारभाऱ्यांचा होता, शासनाचा होता आणि तिच्या हातची मासळी खाऊन तृप्त झालेल्या आपल्या सर्वांचा होता. येत्या १ जूनला नौका किनाऱ्याला लागतील. त्या दिवशी विजेरी घेऊन जो पहिला माणूस कोळीवाड्यात शिरेल, तो शासनाचा असावा. नसेल, तर वाचकहो, तो तुमच्यातला असावा.